साकल्यवाचक इंग्रजी शब्द आणि पर्यायांचें थोतांड

स्पर्धापरीक्षांच्या तयारीसाठीं इंग्रजी शब्दसंग्रहाचीं जीं पुस्तकें आज आमच्या विद्यार्थ्यांच्या हातीं पडतात, त्यांतील पर्यायशब्दांचीं पानें एकदां उघडून पाहावीं अशी आमची वाचकांस विनंती आहे. कंप्लीट, एंटायर, होल, टोटल, फुल, परफेक्ट, थरो, अटर, ॲबसोल्यूट अशी एक रांग तेथें बहुधा आढळते, आणि तिच्यासमोर ‘पूर्ण, संपूर्ण’ एवढे दोन मराठी शब्द टाकून ग्रंथकार मोकळा झालेला असतो. हे सारे शब्द समानार्थी, हवा तो उचलावा, असा त्याचा अभिप्राय. विद्यार्थी ती रांग पाठ करितो, परीक्षेंत ठरलेल्या चौकटीवर खूण करितो, पुढें तोच वार्ताहर, भाषांतरकार किंवा सरकारी अधिकारी होतो, आणि मग त्याच्या लेखणींतून ‘पूर्णपणें’ या एका शब्दाचा जो पाऊस सुरू होतो तो कांहीं केल्या उघडत नाहीं. ही रांग म्हणजे शुद्ध थोतांड आहे, व तें निरुपद्रवीही नाहीं, असें आमचें मत आहे. तें सकारण मांडण्याचें येथें योजिलें आहे.

या थोतांडाचें खापर पुष्कळ जण पीटर मार्क रोझे याच्या माथीं फोडतात. रोझे (१७७९–१८६९) हा व्यवसायानें वैद्य, लंडनच्या रॉयल सोसायटीचा अनेक वर्षें चिटणीस, आणि १८५२ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘थिसॉरस’ या कोशाचा कर्ता. मानवी कल्पनांचे एक हजार वर्ग पाडून प्रत्येक वर्गाखालीं त्या कल्पनेभोंवतीं फिरणारे शब्द त्यानें गोळा केले. त्यांत बावन्नावा वर्ग साकल्याचा आणि त्रेपन्नावा त्याच्या अभावाचा. परंतु रोझेवर हा आरोप अन्यायाचा होय. समानार्थी भासणाऱ्या शब्दांतील भेद शोधणें हें एक स्वतंत्र शास्त्र आहे व त्यांत आपण शिरलों नाहीं, असें त्यानें प्रस्तावनेंतच सांगून टाकलें आहे. ज्याला ते भेद आधींच ठाऊक आहेत, पण नेमका शब्द वेळेवर आठवत नाहीं, अशा लेखकासाठीं ती मांडणी होती. भेदांची चर्चा करणारे ग्रंथ त्याच्यापूर्वींच झाले होते. हेस्टर पिओझी या विदुषीचा ग्रंथ १७९४ सालचा, जॉर्ज क्रॅबचा १८१६ चा. आमच्या मार्गदर्शक पुस्तकांच्या कर्त्यांनीं वैद्याच्या कपाटांतील बाटल्या तेवढ्या घेतल्या आणि त्यांवरील चिठ्ठ्या फाडून टाकल्या.

त्या चिठ्ठ्या पुनः लावून पाहूं. ‘होल’ या शब्दाचें जुनें इंग्रजी रूप ‘हाल’, आणि त्याचा अर्थ निरोगी, अव्यंग. ‘हील’ म्हणजे बरें करणें, ‘हेल्थ’ म्हणजे आरोग्य, ‘होली’ म्हणजे पवित्र, हीं सारीं त्याच्याच कुळांतील भावंडें. त्याच्या आरंभीं आज जें डब्ल्यू हें अक्षर लिहितात तें मागाहून चिकटलेलें आहे. ‘एंटायर’ हा लॅटिन ‘इंटेजर’वरून आला, ज्याला हात लागलेला नाहीं तें, असा त्याचा मूळचा अर्थ. आपला ‘अक्षत’ हा शब्द त्याच्या अगदीं शेजारीं बसतो. खच्ची न केलेल्या घोड्यास घोड्यांचे व्यापारी इंग्रजींत ‘एंटायर’ म्हणतात. त्याला कोणी ‘टोटल’ घोडा म्हणून पाहावें, म्हणजे पर्यायशब्दांच्या रांगेची किंमत घोड्यालाही कळेल! ‘कंप्लीट’ म्हणजे भरून काढलेलें. आधीं उणीव होती, ती आतां उरली नाहीं. ‘परफेक्ट’ म्हणजे करून पार पाडलेलें, आणि म्हणूनच व्याकरणांतील पूर्ण काळास इंग्रजींत हेंच नांव आहे. ‘ॲबसोल्यूट’ म्हणजे बंधनांतून सोडविलेलें. राजाची सत्ता ‘ॲबसोल्यूट’ असते ती या अर्थानें. आणि ‘फुल’ हा तर आपल्या ‘पूर्ण’ शब्दाचा सख्खा चुलतभाऊ. दोघांचें मूळ एक, आणि दोघांच्याही पोटांत एक भांडें दडलेलें आहे. त्या भांड्याची आठवण वाचकांनीं ठेवावी; त्याचें काम पुढें पडणार आहे.

व्युत्पत्ति म्हणजे अर्थ नव्हे, असें येथें कोणी म्हणेल, व तें खोटें नाहीं. बोलणाऱ्या मनुष्याला आपल्या शब्दाचें गोत्र क्वचितच ठाऊक असतें. पण गोत्र विसरलें तरी सोयरीक कोणाशीं जुळते हें भाषा विसरत नाहीं. ‘अटर’ हा शब्द घ्या. ‘आउट’ म्हणजे बाहेर, त्याचें हें तरभावाचें रूप. अर्थात् ‘अधिक बाहेरचा’. इंग्रज मनुष्य मूर्खपणाला अटर म्हणतो, नाशाला म्हणतो, अंधाराला म्हणतो, गोंधळाला म्हणतो. क्वचित् आनंदालाही म्हणतो, पण तो आनंदही मर्यादेबाहेर गेलेला असतो. मराठींत हेंच काम ‘पार’ हा शब्द करितो, आणि गंमत अशी कीं त्याच्याही अर्थांत पलीकडचा कांठ आहे. मनुष्य पार बुडाला, पार विसरला, पार धुळीस मिळाला असें आपण म्हणतों. पार यशस्वी झाला असें कोणी म्हणत नाहीं. ‘ठार’ तर याहून सोंवळा. ठार वेडा, ठार आंधळा, ठार बहिरा एवढीच त्याची पंगत. ठार शहाणा अजून जन्माला यावयाचा आहे. ‘निव्वळ’ आणि ‘शुद्ध’ हे वास्तविक स्वच्छतेचे शब्द, पण साकल्याच्या कामीं त्यांना मूर्खपणाच्याच घरीं चाकरी करावी लागते: निव्वळ अडाणीपणा, शुद्ध गाढवपणा. वर आम्हीं ‘शुद्ध थोतांड’ लिहिलें तें याच न्यायानें. एऱ्हवीं थोतांडांत शुद्ध काय असणार? इतके तयार शब्द घरांत असतां आमचा भाषांतरकार लिहितो काय, तर ‘तो पूर्णपणें उद्ध्वस्त झाला’. वाक्यांत व्याकरणाची चूक नाहीं, आणि दुःखही नाहीं.

‘थरो’ची कथा अधिक बोधप्रद आहे. ‘थ्रू’ म्हणजे आरपार, त्याच शब्दाचें हें लांबविलेलें रूप. थरो चौकशी ही सर्व दिशांस धांवत नाहीं. जी वाट धरली ती दुसऱ्या टोकास निघेपर्यंत सोडीत नाहीं. मराठींत याला ‘कसून’ हा अव्वल शब्द आहे, व गुन्ह्यांच्या बातम्या लिहिणारांनीं तो सुदैवानें अद्याप जिवंत ठेविला आहे. या ‘थरो’नें एकदां इंग्लंडांत प्रत्यक्ष राज्यकारभार केला. राजा पहिला चार्ल्स याचे दोन प्रमुख कारभारी, आयर्लंडचा सुभेदार टॉमस वेंटवर्थ (पुढें अर्ल ऑफ स्ट्रॅफर्ड) आणि १६३३ सालीं कँटरबरीचा आर्चबिशप झालेला विल्यम लॉड, हे परस्परांस लिहिलेल्या पत्रांत आपल्या धोरणाला ‘थरो’ याच नांवानें ओळखीत. राजाच्या कामाच्या आड येणारी दिरंगाई, मुर्वत आणि लोकांचे खाजगी हितसंबंध बाजूस सारून काम तडीस न्यावयाचें, हा त्याचा भाव. गंमत अशी कीं त्यांच्या विरोधकांनींही हातीं घेतला तो साकल्याचाच शब्द. ११ डिसेंबर १६४० रोजीं लंडनच्या सुमारें पंधरा हजार नागरिकांच्या सह्यांचा एक अर्ज पार्लमेंटपुढें आला. बिशपांची संस्था ‘रूट अँड ब्रँच’, म्हणजे मुळाफांद्यांसकट, काढून टाकावी अशी त्याची मागणी होती. शब्द बायबलांतील मलाखीच्या ग्रंथांतले. स्ट्रॅफर्डचा शिरच्छेद १२ मे १६४१ रोजीं झाला, लॉडचा १० जानेवारी १६४५ रोजीं. १६४६ सालीं बिशपांचें पद रद्द झालें, आणि १६६० सालीं राजपद परत आल्यावर त्याच्या मागोमाग तेंही परत आलें. मुळें खणलीं असें ज्यांना वाटलें त्यांच्या हातीं फांद्याच लागल्या होत्या.

रोझेच्या कोशांत हे दोन्ही शब्द एका छपराखालीं सुखानें नांदूं शकतील. इतिहासांत त्यांचीं माणसें एकमेकांचे गळे कापीत होतीं. ‘रूट अँड ब्रँच’ म्हणणारा मनुष्य निदान झाड कोणतें तें दाखवितो. त्याच्याशीं भांडतां येतें. ‘थरो’ हा शब्द काय करावयाचें तें सांगतच नाहीं. तडीस न्यावयाचें एवढेंच सांगतो. ज्यांच्या हातांत सत्ता आहे त्यांना असे शब्द फार आवडतात.

इंग्रजी लोकभाषेचा कल मात्र वस्तु दाखविण्याकडे आहे, आणि हें तिचें मोठेंच वैभव होय. बंदुकीचा चाप, दस्ता आणि नळी हे तिचे तीन भाग मोजून ‘लॉक, स्टॉक अँड बॅरल’ हा वाक्प्रचार झाला. एखादा धंदा किडुकमिडुकासकट विकला गेला म्हणजे तो लावतात. मासा गळ, दोरी आणि दोरीला बांधलेलें शिसें असें सगळेंच गिळतो, त्यावरून ‘हुक, लाइन अँड सिंकर’. हा केवळ भोळेपणासाठीं राखून ठेवलेला. लष्कराचा तळ हलतो तो ‘बॅग अँड बॅगेज’. १८७६ सालीं बल्गेरियांतील अत्याचारांवर लिहिलेल्या पुस्तिकेंत ग्लॅडस्टन यानें तुर्की अधिकाऱ्यांना हाच वाक्प्रचार लावून वाट दाखविली, व तो जगभर गाजला. आपल्याकडे याच ठिकाणीं चंबूगबाळें आहे, बाडबिस्तरा आहे. तलवार मुठीपर्यंत रुतली कीं ‘टु द हिल्ट’. आतां हे सर्व ‘पूर्णपणें’ या एका खुंटीला टांगावयाचे म्हणजे विकणें, फसणें, निघून जाणें आणि भोंसकणें यांत कांहीं अंतर नाहीं असें म्हणण्यासारखें आहे.

या प्रसंगीं अमेरिकेंतून आलेल्या ‘होल नाइन यार्ड्स’, म्हणजे सबंध नऊ वार, या वाक्प्रचाराविषयीं दोन शब्द लिहिले पाहिजेत. कारण नऊवारी लुगड्याशीं त्याचा संबंध जोडण्याचा मोह मराठी मनुष्याला झाल्यावांचून राहत नाहीं. मोह आवरावा. इंडियानांतील एका वृत्तपत्रांत १९०७ सालीं नऊ वार आढळतात, केंटकींतील एका वृत्तपत्रांत १९१२ सालीं सहाच आढळतात, आणि कोणत्या वस्तूचे वार याचा पत्ता संशोधकांना अद्याप लागलेला नाहीं. (सहावारीही निघाली हें पाहून मोह दुप्पट होईल, पण उपाय नाहीं.) वस्तु विसरून नुसता आंकडाच शिल्लक राहिला म्हणजे तो सहाही होतो आणि नऊही होतो, एवढें यांतून दिसतें.

वस्तु विसरल्याचा परिणाम नेहमीं असा हंसण्यावारी जात नाहीं. ‘टोटल’ हा बेरजेचा शब्द. आंकडे मांडावे, खालीं रेघ ओढावी, आणि जी रक्कम येईल ती टोटल. मराठींत ती ‘एकूण’. हा हिशेबनीस शब्द युद्धावर गेला विसाव्या शतकांत. फ्रान्सांत लिओं दोदे यानें १९१८ सालीं आपल्या पुस्तकास ‘टोटल युद्ध’ असें नांव दिलें. जर्मन सेनानी लुडेनडॉर्फ यानें १९३५ सालीं त्याच नांवाचा ग्रंथ लिहिला. आणि इंग्रजीनेंही तो प्रयोग आपला म्हणून घेतला. १८ फेब्रुवारी १९४३ रोजीं, स्टालिनग्राड येथें जर्मन सैन्य शरण आल्यावर दोन आठवड्यांनीं, गोबेल्स यानें बर्लिनच्या स्पोर्टपालास्टमध्यें जमलेल्या श्रोत्यांस टोटल युद्ध हवें का म्हणून विचारिलें, आणि जरूर पडल्यास तें आज कल्पनेंतही येणार नाहीं इतकें अधिक टोटल हवें का असेंही पुढें विचारिलें. श्रोत्यांनीं होकाराचा गजर केला. बेरजेच्या खालची रेघ एकदां ओढल्यावर ‘अधिक बेरीज’ ती काय असावयाची? व्याकरणदृष्ट्या तो प्रश्नच निरर्थक होता. पण निरर्थक होता म्हणूनच त्याला हद्द नव्हती. ‘परफेक्ट’ या शब्दालाही एकदां असें तरभावाचें रूप मिळालें होतें. १७८७ च्या अमेरिकन राज्यघटनेच्या प्रास्ताविकांत ‘अधिक परफेक्ट’ संघराज्याची इच्छा व्यक्त झाली आहे. वैय्याकरण त्यालाही नाकें मुरडतात. परंतु तेथील अर्थ असा, कीं काम हातीं घेतलें आहे, तें अजून व्हावयाचें आहे. एका प्रयोगांत आपल्या अपुरेपणाची कबुली आहे, दुसऱ्यांत कोणत्याही सीमेचा नकार. पर्यायशब्दांच्या पुस्तकांत मात्र ‘परफेक्ट’ आणि ‘टोटल’ खांद्याला खांदा लावून उभे!

परिश्रमाच्या प्रांतांत हाच घोटाळा आज आमच्या घरापर्यंत आला आहे. सर्व शक्ति लावणें या अर्थी इंग्रजींत दांत आणि नखें आहेत, लोहाराचा हातोडा आणि सांडशी आहे, आणि ‘माइट अँड मेन’ ही जुनी जोडगोळी आहे, जिच्यांतील दोन्ही शब्दांचा अर्थ बळ एवढाच. मराठीनें येथें निराळी वाट धरली. हत्यारांची नांवें न सांगतां ती देहाचा खर्च सांगते: रक्ताचें पाणी केलें, हाडांचीं काडें केलीं, जिवाचें रान केलें, जीव तोडून धांवला, मान मोडून काम केलें, बेंबीच्या देठापासून ओरडला. दाते व कर्वे यांचा ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ कोठेंही उघडावा. शरीराचा एकही अवयव श्रमांतून सुटलेला दिसणार नाहीं. कोणी हें रांगडें म्हणेल. आम्हांस त्यांत एक प्रकारचा प्रामाणिकपणा दिसतो, कारण ‘रक्ताचें पाणी केलें’ या शब्दांत श्रमाबरोबर त्याचें बिलही सादर होतें. रक्त कोणाचें, हें ऐकणाराला विसरतां येत नाहीं.

याच्या जागीं आतां काय आलें आहे? ‘शंभर टक्के देणें’. खेळाडू सामन्यानंतर सांगतो कीं आम्हीं शंभर टक्के दिले. कचेरींतील वरिष्ठ हाताखालच्या माणसांना बजावतो कीं मला तुमचे शंभर टक्के पाहिजेत. आणि इंग्रजींत हा आंकडा एकशें दहावरही गेलेला आहे. कशाचे शंभर टक्के? झोपेचे, डोळ्यांचे, घरीं वाट पाहणाऱ्या मुलांच्या वेळेचे? शब्द कांहींच बोलत नाहीं. शंभर टक्के दिल्यावर त्या मनुष्यापाशीं उरलें काय, हा साधा हिशेबही कोणी मांडीत नाहीं, आणि भाषा मात्र हिशेबाची! घेणाराला हा शब्द सोयीचा आहे. देणारानें तो आनंदानें स्वतःच्या तोंडीं घ्यावा याचें आम्हांस आश्चर्य वाटतें. ‘माझ्यासाठीं रक्ताचें पाणी करा’ असें कोणा वरिष्ठास सभेंत तोंड वर करून म्हणतां येईल काय?

आमच्या या विवेचनावर एक आक्षेप वजनदार आहे. शास्त्र, कायदा आणि सरकारी कारभार यांना रंगहीन शब्दच लागतो. तेथें ‘पार’ आणि ‘ठार’ चालावयाचे नाहींत. कबूल आहे. संपूर्ण संच, पूर्ण पत्ता, एकूण रक्कम हे शब्द आपापल्या जागीं निर्दोष आहेत. परंतु रंगहीन म्हणजे बोथट नव्हे. सूर्यग्रहण ‘टोटल’ असलें म्हणजे आमचीं पंचांगें त्याला खग्रास म्हणतात, अपुरें असलें म्हणजे खंडग्रास. याहून काटेकोर परिभाषा इंग्रजींतही नाहीं. आतां बातम्यांतून ‘पूर्ण सूर्यग्रहण’ दिसूं लागलें आहे, आणि ही शास्त्राची गरज असें कोणीं आम्हांस सांगूं नये.

आतां त्या भांड्याकडे वळूं. ‘पूर्ण’ म्हणजे भरलेलें. पण ‘पूर्णपणें’ या शब्दाला स्वतःचें पोट आठवेनासें झालें आहे, म्हणून ‘धरण पूर्णपणें रिकामें झालें’ असें वाक्य आम्ही वाचतों आणि आमच्यांतील कोणालाही ठेंच लागत नाहीं. भरलेपणानें रिकामें! कोरडें ठणठणीत पडलें, तळ उघडा पडला, असें शेतकरी अजून म्हणतो. त्याच्या बोलींत साकल्य सांगण्याची एक रीत आहे, जिच्यापुढें रोझेचा बावन्नावा वर्गही फिका पडावा: ‘भर’ हा प्रत्यय. पोटभर, घरभर, रात्रभर, जन्मभर, डोळाभर. येथें भांडें आधीं सांगावें लागतें, त्याशिवाय शब्दच होत नाहीं. आणि भांडें लहान असेल तर तें शिगोशीग भरूनही थोडेंच असतें. म्हणून मूठभर लोक म्हणजे फार थोडे लोक. ‘पूर्णपणें’ला हें कधीं जमलेलें नाहीं.

पर्यायांच्या याद्या छापणारांना आमचें म्हणणें पटेल अशी आशा आम्हांस नाहीं. त्यांचा माल खपतो आहे. तेव्हां एक प्रयोग तेवढा सुचवितों. ज्या परीक्षेंत ‘कंप्लीट’ आणि ‘अटर’ समानार्थी ठरतात, त्या परीक्षेंत पहिल्या आलेल्या उमेदवारानें लंडनच्या एखाद्या ग्रंथविक्रेत्याकडे जावें आणि शेक्सपिअरच्या नाटकांचा ‘अटर’ संच मागून पाहावा.